हीटरची तार

अक्षताचं लग्न झालं त्या वर्षाची ही गोष्ट, म्हणजे २०२४ सालची. लग्न फेब्रुवारीत हडपसरला झालं. नवरीची आजी चंपा स्टेजच्या बाजूला खुर्चीत बसली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, अंगावर घडी मोडलेली नवी मोतिया साडी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, "जेवलात का?" दोन शब्द बोलली की श्वास घ्यायला थांबायची, पण विचारायची सगळ्यांना. तिची नजर मात्र सारखी दाराकडे होती. तिचा थोरला भाऊ सोनबा लोणी काळभोरहून आला नव्हता. येणार तरी कसा? न्हाणीत पाय घसरून त्याचा खुबा मोडला होता आणि तो खाटेवरून उठत नव्हता. तिलाही हे ठाऊक होतं. तरी नजर जायची.

चंपाचा नवरा भीमराव हे सगळं बघत होता.

भीमरावानं उभ्या नोकरीत एकच काम केलं. पुण्यातल्या एका सरकारी खात्यात तो साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, भीमरावाची सीट तीच राहिली. निवृत्तीच्या वेळी शेवटच्या साहेबांनी आपली घरची जुनी पांढरी गाडी त्यालाच दिली. "तुझ्या हाताची सवय आहे तिला," म्हणाले. तेव्हापासून ती गाडी हडपसरला, भीमरावाच्या इमारतीखाली, कव्हर घालून उभी असायची. लागेल तेव्हा निघायची, आली की पुसून परत कव्हरात.

गाडीला एसी होता. पण भीमरावाच्या अंगात नोकरीची एक शिस्त मुरलेली होती. साहेब बसले की एसी लावायचा, साहेब उतरले की बंद करायचा. ड्रायव्हरनं काच खाली करून वारा घ्यायचा. उभ्या गाडीत तर एसी लावणं म्हणजे त्याच्या लेखी पापच. गाडी स्वतःची झाली तरी ही शिस्त काही सुटली नाही. उन्हाळ्यात चंपा पदरानं वारा घेत म्हणायची, "अहो, तेवढं गार लावा की." तो म्हणायचा, "काच खाली कर. छान वारा येतोय."

"म्हणजे मी काही साहेब नाही."

"कुठल्याच साहेबाला तुझ्याइतकी वर्षं सांभाळलं नाही मी," असं तो म्हणायचा, आणि त्यावर ती हसायची. पण एसी लागायचा नाही.

आता चंपाच्या माहेरची एक रीत सांगायला हवी. दुसऱ्या कुणाच्या घरी ती असेल असं वाटत नाही. छप्पन सालच्या दीक्षेनंतर तिच्या बापानं धम्म स्वीकारला आणि घरातले जुने सण एकेक करून बंद केले. त्यात भाऊबीजही गेली. तेव्हा चंपा नुकती बोलायला लागली होती आणि सोनबा तिला कडेवर घेऊन गावभर फिरायचा. आई म्हणाली, "सगळं सोडलं, बरं केलं. पण बहिणीनं भावाकडं यायचं कधी?" बापानं विचार केला आणि सांगितलं, "वैशाखी पौर्णिमेला. बहिणीनं खीर आणायची, भावानं खायची. ओवाळणं नाही, मागणं नाही. नुसतं यायचं."

तेव्हापासून ते चालू होतं. लग्न होऊन चंपा हडपसरला आली, तरी दर पौर्णिमेला खिरीचा डबा घेऊन लोणीला जायची. आधी भीमरावाच्या सायकलवर, मग बसनं, मग या गाडीतून. कोरोनात सगळं बंद होतं, तेव्हा फोनवर बोलली. त्या वेळी सोनबाला ऐकू यायचं. पुढं त्याचे कान गेले. कानाजवळ तोंड नेऊन बोललं तरच त्याला कळायचं, फोनवर तर काहीच नाही. आणि चंपाच्या छातीत कोरोनानंतर जे बिघडलं ते सुधारलं नाही. ओरडून बोलायचा दम तिला राहिला नाही. हडपसर ते लोणी म्हणजे रोज दूधवाले ये-जा करतात एवढा रस्ता, पण या दोघांच्यामध्ये तो समुद्रासारखा पसरला होता.

एप्रिल सरता सरता चंपानं भीमरावाला सांगितलं, "या पौर्णिमेला मला जायचंय. पुढच्या पौर्णिमेचं मी काही बोलत नाही."

तिनं ते भाजी निवडताना, सहज म्हटलं. भीमरावाच्या हातातला पेपर तसाच राहिला.

डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "धूळ नको आणि ऊन नको. जायचंच असेल तर काचा बंद, एसी चालू, छोटा सिलिंडर बरोबर. जाऊन यायचं. रेंगाळायचं नाही."

अक्षता लग्नानंतर मांजरीला नव्या सोसायटीत राहायला गेली होती आणि खराडीच्या कंपनीत कामाला जायची. सुट्टीच्या दिवशी आजीकडं यायची. ती म्हणाली, "आजोबा, इतकं टेन्शन कशाला? मी कॅब बुक करते. एसी असतोच."

केली बुक. चाचणी म्हणून आधी दवाखान्यात जायचं ठरलं. गाडी आली, चकाचक, गार. पण आत कसलातरी सुवास मारलेला होता, गुलाबाचा की कशाचा. मगरपट्ट्याच्या चौकात पोचेपर्यंत चंपाचा खोकला असा अडकला की ड्रायव्हर बिचारा स्वतःच घाबरला आणि त्यानं गाडी बाजूला घेतली. मग रिक्षानं घरी. संध्याकाळी नळी लावून पडल्या पडल्या चंपा म्हणाली, "मला आपल्याच गाडीतून न्या. तिला फक्त तुमचा वास येतो. त्याची सवय आहे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भीमरावानं कव्हर काढलं. इंजिन सुरू केलं, काचा बंद केल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, साहेब नसताना, उभ्या गाडीत एसीचं बटण दाबलं. समोरच्या जाळीतून वारा आला. तो हात धरून बसून राहिला. वारा गरमच होता. आणखी थांबला. मग वारा कोमट झाला आणि कोमटच राहिला.

"वापरलाच नाही कधी, तर रुसणारच ना," त्यानं वर येऊन सांगितल्यावर चंपा म्हणाली.

अक्षता रविवारी आली ती मोबाइलवर व्हिडिओ बघूनच. "आजोबा, आधी पुढची जाळी क्लीन करायची. तिथं कचरा अडकला की कूलिंग होत नाही." बंपरमागची जाळी बघितली तर खरंच, पिंपळाची वाळकी पानं, किडे आणि धूळ यांचा थर बसला होता. भीमरावानं पाण्याचा पाइप लावला, अक्षतानं जुन्या दातांच्या ब्रशनं खरवडलं. दोघंही भिजली. जाळी स्वच्छ झाली, वारा कोमटच राहिला.

"थोडा फरक पडलाय," अक्षता म्हणाली.

"तुझ्या कपड्यांत पडलाय," भीमराव म्हणाला.

मग गाडी शंभूकडं नेली. शंभूचं गॅरेज मांजरीच्या रस्त्याला आहे. माणूस हाताचा चांगला, तोंडाचा तिखट. गॅरेजच्या भिंतीवर त्यानं लिहून ठेवलंय, "हत्यारं आमची, शिव्याही आमच्याच. गिऱ्हाइकांनी दोन्हींना हात लावू नये." भीमरावाला बघून तो म्हणाला, "या काका. वाटलं, म्हातारीला भंगारात घालायला आणलीत."

"म्हातारी कुणाला म्हणतोस? घरात एक आहे, तिच्यासाठीच आलोय," भीमराव म्हणाला आणि त्यानं पौर्णिमेचं सगळं सांगितलं. ऐकून शंभूचं तोंड जरा मवाळ झालं. त्यानं बॉनेट उघडलं, एसी लावायला सांगितला आणि कान दिला. इंजिनात टक् असा आवाज झाला. "कॉम्प्रेसर पकडतोय. पट्टा ठीक. फ्यूज ठीक. गॅस कमी असणार." मीटर लावून बघितलं, गॅस कमी होताच. एका जोडातलं रबर कडक होऊन फाटलं होतं, तिथून हळूहळू गेला होता. शंभूनं रबर बदललं, नवीन गॅस भरला, आणि हात पुसत म्हणाला, "आता काकूंना शाल द्या बरोबर."

एसी लावला. वारा मघापेक्षा बरा, पण गार नाही. सकाळी फरशीवर पाय ठेवल्यावर लागतो तेवढाही गारवा नाही.

शंभू परत बॉनेटमध्ये वाकला. एसीच्या जाड पाइपावर त्यानं हात ठेवला. पाइप बर्फासारखा लागत होता आणि त्याच्यावर पाण्याचे थेंब जमले होते. शंभूनं तो ओला हात भीमरावाच्या गालाला लावला. "बघा. गार तर होतंय. पाइपाला घाम सुटलाय. मग आत जाईपर्यंत हा गारवा पितंय कोण?"

त्याचं उत्तर त्या दिवशी दोघांनाही मिळालं नाही. शंभूनं पंख्याचा वेग बघितला, वारा वळवायची कळ पुढंमागं केली, गॅस काढून परत भरला. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. शेवटी म्हणाला, "काका, खरं सांगतो. डॅशबोर्ड उतरवून आतली कॉइल बघावी लागेल. जुनी गाडी, प्लॅस्टिक कडक झालंय, हळूहळू उतरवावं लागतं. आठवडा जाईल."

"पौर्णिमा परवा आहे, शंभू."

"म्हणून तर खरं सांगतोय. खोटं बोलून गाडी उघडी करून ठेवली तर तुम्ही कशातच जाणार नाही."

भीमराव गाडी घेऊन घरी आला. येताना हडपसरच्या सिग्नलला शेजारी बस येऊन थांबली, मागून टेम्पोनं धूर सोडला, आणि त्याला वाटलं, या रस्त्यानं काच उघडी ठेवून चंपाला नेणं म्हणजे तिला आपल्याच हातानं मारणं. नाही नेलं तर ती काही म्हणणार नाही. पौर्णिमेला सकाळी उठून खीर करेल आणि शेजारपाजारी वाटून टाकेल. ती काही म्हणणार नाही याचीच त्याला भीती होती.

घरात शिरल्यावर चंपानं त्याचं तोंड बघितलं आणि ओळखलं. तिनं गुडघ्यांवर हात ठेवले, उठली आणि म्हणाली, "चला. मी बसून बघते."

"कशात?"

"गाडीत. तुम्ही दोघं पुरुष हात लावून बघताय. बसायचं मला आहे."

भीमरावानं छोटा सिलिंडर घेतला, तिला धरून खाली आणलं आणि पुढच्या सीटवर, तिच्या नेहमीच्या जागेवर बसवलं. काचा बंद केल्या. इंजिन सुरू करून एसी लावला. चंपा डोळे मिटून बसली. भीमराव तिच्या तोंडाकडं बघत बसला, जसा पोरांच्या परीक्षेचा निकाल ऐकायला बसायचा.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "वरून बरं येतंय. पण माझ्या पायाशी शेकोटी कोणी पेटवलीय?"

"काय?"

"पाय शेकतायत माझे. चप्पल काढली तर जास्तच. हात लावून बघा."

भीमराव वाकला. तिच्या पायांजवळ, डॅशबोर्डच्या खाली त्यानं हात घातला. तिथलं प्लॅस्टिक तापलं होतं. चुलीच्या बाजूची भिंत तापते तसं. त्यानं हात तसाच ठेवला, आणि वाकलेलाच राहिला.

"अहो, कंबर धरली का?"

त्याची कंबर धरली नव्हती. त्याला एक जानेवारी आठवली होती, कोरोनाच्या आधीची शेवटची. दोघं पहाटे अंधारात कोरेगावला मानवंदनेला निघाली होती. थंडी अशी की काचेवर दव. चंपाचे पाय बारा महिने गार, आणि हिवाळ्यात तर दगड. तिला थंडी सोसत नाही म्हणून त्यानं हीटर लावला, तर हीटरच्या कळीची केबल वाटेतच तुटली. कळ नुसती डावीउजवीकडं हलायची, आत काहीच व्हायचं नाही. मग वाघोलीच्या पुढं एका चहाच्या टपरीशी गाडी थांबवून, बॉनेट उघडून त्यानं हीटरचा कॉक हातानं उघडला आणि परत मिटू नये म्हणून तांब्याच्या तारेनं बांधून टाकला. तार त्याच्या हत्यारांच्या डब्यात कायम असायची. ड्रायव्हर लोकांची रीतच ती. आधी गाडी घरी पोचवायची, मग दुरुस्ती. इंजिनाचं गरम पाणी हीटरमध्ये खेळायला लागलं, चंपाचे पाय ऊबदार झाले आणि ती कोरेगाव येईपर्यंत झोपली. उद्या केबल टाकू, असं तो म्हणाला होता.

तो उद्या आलाच नाही. मार्चमध्ये सगळं बंद पडलं. गाडी कव्हरात गेली. नंतर काढली ती काच उघडी ठेवून, पंखा न लावता. मग कळणार कुठून?

भीमरावानं बॉनेट उघडलं. इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यातून दोन रबरी नळ्या आत जातात. हीटर बंद असेल तर त्यातली एक गरम आणि दुसरी गार लागायला हवी. त्यानं दोन्हींना बोट लावलं आणि दोन्हींवरून झटकन काढलं. दोन्ही सणसणीत गरम. आणि कॉकवर, धुळीनं काळी पडलेली, त्याच्याच हाताच्या पिळाची तार.

म्हणजे असं होत होतं. एसीतून गार झालेला वारा आत यायच्या आधी हीटरच्या तापलेल्या डब्यातून जात होता आणि सगळा गारवा तिथंच सांडत होता. इकडून बर्फ, तिकडून विस्तव, आणि मध्ये चंपा.

"सापडलं का?" चंपानं आतून विचारलं.

"सापडलं."

"काय होतं?"

तो तिच्या खिडकीशी आला. काच खाली केली. "तुझे पाय होते," तो म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं.

चंपा हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता परत हसू आलं. त्यानं सिलिंडरचा कॉक जरा वाढवला. श्वास जाग्यावर आल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्षं एसी लावा म्हणून भांडले, तेव्हा लावला नाही. आता लावला, तर त्याच्याखाली माझ्यासाठी चूल पेटवून ठेवलेली. काय म्हणू तुम्हाला?"

"साहेब म्हणू नकोस म्हणजे झालं."

त्यानं पकडीनं तार कापली, पण कॉक हलेना. इतक्या वर्षांत पाण्याचा थर बसून तो उघडाच गच्च झाला होता. जोर लावावा तर तुटून सगळं पाणी बाहेर. त्यानं शंभूला फोन लावला. शंभू मोटारसायकलवरून आला तो तेलाची बाटली आणि छोटी हातोडी घेऊन. तारेचे तुकडे बघून त्यानं ते हातात घेतले, उलटेसुलटे केले.

"हा पीळ कोणाचा?"

"माझा."

"दोन दिवस मी त्या कॉम्प्रेसरच्या आईबापाचा उद्धार करतोय, काका! तोंडातून एक शब्द काढायचा होता ना."

"तू हीटरबद्दल विचारलंस का?"

"पुण्यात मे महिन्यात हीटर चालू आहे का, असं कोण विचारतं?" शंभू म्हणाला. "तसं विचारलं असतं तर मलाच दवाखान्यात नेलं असतं तुम्ही." मग स्वतःशीच हसला. "मीसुद्धा त्या नळ्यांना हात लावला नाही, ते राहूच द्या. काकू, तुमचे पाय आमच्यापेक्षा हुशार निघाले."

"त्यांना विचारतच नाही कोणी," चंपा म्हणाली.

शंभूनं तेल सोडलं, थांबला, हातोडीनं अलगद ठोकलं, परत तेल सोडलं. अखेर कॉक करकरत फिरला आणि बंद झाला. थोड्या वेळानं जाळीतून वारा आला तो असा, की चंपानं पदर खांद्यावरून ओढून घेतला. शंभूनं निघताना सांगितलं, "केबल तुटलेलीच आहे. कॉक हातानं फिरवायचा. उन्हाळ्यात बंद, थंडीत उघडा. आणि काका, तार बांधलीत तर मला कळवा."

गुरुवारी पौर्णिमा होती. चंपानं सकाळीच खीर केली, बसून, अक्षताला हाताशी घेऊन. मग पांढरी साडी नेसली. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून तिघांनी त्रिशरण म्हटलं. चंपाचा आवाज मधे मधे बंद पडायचा, तिथं अक्षता तिची ओळ पुरी करायची. चंपाला गाडीपर्यंत सोडून अक्षता आपल्या घरी जाणार होती; त्या दोघी खाली येईपर्यंत भीमरावानं पुढं जाऊन गाडी सुरू करून गार करून ठेवली होती. उभ्या गाडीत, एसी लावून. चंपानं ते बघितलं आणि बसताना दाराशी क्षणभर थांबली. भीमरावाला कळलं. त्यानं साहेबांसाठी उघडायचा तसं दार धरून उघडलं, टाच जुळवली.

"हां. आता कसं," चंपा म्हणाली.

हडपसरची गर्दी, रस्त्यावरची खोदाई, ट्रकांची रांग, सगळं काचेबाहेर राहिलं. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत चंपा खिरीचा डबा मांडीवर धरून, ओळखीच्या गावांतली नवी नवी दुकानं बघत होती. तिला एकदाही खोकला आला नाही.

लोणीला सोनबाचं घर गावाच्या कडेला, चिंचेखाली. सोनबाची सून द्वारका दारात आली. "जय भीम, आत्या. आलात व्हय! मामंजी सकाळपासनं इचारतायत." पण चंपा उतरून ओसरीपर्यंत गेली आणि दाराशीच थांबली. पत्र्याचं छप्पर, आत भट्टी पेटल्यासारखं. पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. खाटेवर सोनबा, वाळून कातडं झालेला. त्यानं हात वर केला. चंपानं पाऊल आत टाकलं, आणि तिचा श्वास अडकला. ती मागं सरली. भीमरावानं तिला धरून परत गाडीत नेऊन बसवलं.

काच बंद झाली. चंपा आत, सोनबा घरात. इतकं करून, येऊन, शेवटी दहा पावलं उरली. भीमराव अंगणात उन्हात उभा राहिला. त्याला कधी नव्हे ते रडू आलं.

मग तो ओसरीवर गेला आणि द्वारकाला म्हणाला, "खुर्ची आहे का हातांची?"

द्वारकाच्या नवऱ्यानं आणि शेजारच्या दोघांनी सोनबाला उशीसकट खुर्चीत घेतलं. सोनबा ओरडत होता, "कुटं न्हेताय रं? दवाखान्यात न्हाई जायाचं मला!" तसाच त्याला गाडीपर्यंत आणला. मागची सीट मोकळी केली, पुढची सीट पुढं सरकवून त्याच्या पायांना जागा केली आणि पाठीला उशी लावून त्याला आत बसवला. चंपा मागं येऊन त्याच्या शेजारी बसली. भीमरावानं गाडी चिंचेच्या सावलीत घेतली, इंजिन चालू ठेवलं, एसी चालू ठेवला आणि स्वतः बाहेर उतरून दार लावलं.

आत थंड झाल्यावर सोनबानं चारी बाजूंना बघितलं. त्याचं मोठं बोलणं काचेतूनही ऐकू आलं. "लई गार हाय गं! सायबावानी झालं आपलं!"

मग चंपानं त्याच्या कानाशी तोंड नेलं. बंद गाडीत, इतकं जवळ, तिला ओरडायची गरज नव्हती. ती हळू बोलली आणि सोनबानं मान हलवली. त्याला ऐकू गेलं होतं. त्यानं काहीतरी विचारलं, तिनं उत्तर दिलं. तिनं डबा उघडला आणि चमच्यानं त्याला खीर भरवली. अर्धी खीर त्याच्या सदऱ्यावर सांडली, तिनं पदरानं पुसली. एकदा दोघं हसली. एकदा सोनबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

भीमराव बाहेर उभा होता. उभा जन्म तो असाच गाडीबाहेर उभा राहिला होता, आत बसलेल्यांचं बोलणं कानावर न घेता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला ते काम थोर वाटलं. इंजिनाचा आवाज बदलतोय का, एवढ्यालाच त्यानं कान दिला. पेट्रोल किती जळलं, त्यानं बघितलं नाही.

परत येताना त्यानं विचारलं, "काय बोललात इतकं?"

"आमचं बहीणभावाचं आहे," चंपा म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं म्हणाली, "पाय गार पडलेत हो."

"बंद करू?"

"नको. राहू द्या."

पाऊस गेला, दिवाळी गेली आणि थंडी आली. चंपाच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या. एक दिवस सकाळी ती खाली येईपर्यंत भीमरावानं बॉनेट उघडलं, हीटरचा कॉक हातानं फिरवला आणि नवी तार घेऊन तसाच पिळून बांधला. शंभूला कळवलं नाही. चंपा बसली, चप्पल काढली आणि पाय पुढं सरकवले. काही वेळानं तिनं त्याच्याकडं बघितलं. तो समोर रस्त्याकडं बघत होता.

"परत चूल पेटवली का?"

"घरी पोचलो की काढतो."

"काही काढू नका," ती म्हणाली.

त्यानं काढली नाही. ती तार अजून तिथंच आहे.

सोनबा त्याच साली पावसाळ्यातल्या वर्षावासात, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, लोणी काळभोरला वारला. चंपा २० डिसेंबर २०२४ रोजी, शुक्रवारी सकाळी, हडपसरला आपल्या घरी वारली.